कढईत जाण्याआधी
अकलूजच्या सोमवारच्या बाजारात असो की दारावरच्या गाडीवर, ढोबळी मिरची आपण घेतो ती बहुधा पीठ पेरून भाजी करायला, आणि तिचा मोठा गुण कढईतच बराचसा गमावतो. शंभर ग्रॅम कच्च्या हिरव्या ढोबळी मिरचीत सुमारे ८० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं, संत्र्याहून जास्त. पण उष्णतेनं ते घटतं. म्हणून चार फोडी कच्च्याच दह्यात कालवाव्यात. भाकरीतलं लोह अंगी लागायला हेच जीवनसत्त्व मदत करतं, आणि ज्वारी-बाजरी खाणाऱ्या घरांत ही गोष्ट मोलाची आहे. कुणी म्हणेल, लाल-पिवळी परवडत नाही. खरंय, लाल मिरचीत क जीवनसत्त्व जास्त असतं, पण रोजच्याला हिरवी पुरते. कच्ची पोटाला बाधते, ही तक्रार मात्र रास्त. ज्यांना बाधते त्यांनी ती भाजीत शेवटी टाकून एकच वाफ द्यावी.