सिमेंट कुणाचं?

नीतिशास्त्राचे प्रश्न आमच्या वाट्याला फारसे आले नाहीत. कॉलेजात आम्ही कॉमर्सला होतो आणि पुढे बँकेत चिकटलो. पण ज्याला म्हणून घर बांधायची बुद्धी होते, त्याच्यापुढे पहिल्याच दिवशी एक अस्सल नैतिक प्रश्न दत्त म्हणून उभा राहतो : माल आपण घ्यायचा, की मिस्त्रीवर सोपवायचा? व्यवहारात याला ‘लेबर रेट’ आणि ‘मालासकट’ अशी साधी नावं आहेत. पण जरा खरवडलंत तर खालून निघतं ते असं, की ज्याच्या हातच्या छपराखाली आपण पोराबाळांना झोपवणार, त्याला आधीच चोर समजावं की नाही?

पूर्वी हा पेच सरकारनंच सोडवला होता. सिमेंटवर नियंत्रण होतं, परमिट घरमालकाच्या नावानं निघे आणि पोती त्यालाच आणावी लागत. १९८२ साली ते नियंत्रण अर्धवट उठलं, १९८९ साली पुरतं उठलं आणि तेव्हापासून संशय हा ऐच्छिक विषय झाला.

आमचे एक नातेवाईक या विषयात इतके पुढे गेले, की मिस्त्री ठरवायच्या आधीच त्यांनी माल भरला. मुलगी पाहायच्या आधी मापाच्या बांगड्या आणून ठेवाव्यात, तसं! म्हणे भाव वाढणार आहेत. आता, सिमेंट ही एकच ठेव अशी आहे की जिच्यावर उलटं व्याज बसतं. दमट हवा पोत्यात शिरते आणि तीन महिन्यांत साधारण पाचवा हिस्सा ताकद उतरते. फळ्यांवर रचा, भिंतीपासून फूटभर लांब ठेवा, दहा पोत्यांवर थर चढवू नका. लॉकरमधल्या सोन्याचीसुद्धा एवढी बडदास्त नसते. एवढं करून मिस्त्री आला, त्यानं पोत्यात हात घातला, एक खडा चिमटीत धरला आणि म्हणाला, “काका, हे कशाला आणलंत?”

झालं! तेव्हापासून त्या घराला जो तडा जाईल तो काकांचा. माल घेणारा मालाबरोबर दोषही विकत घेतो, त्याची मात्र पावती मिळत नाही. उद्या स्लॅब गळला तर मिस्त्री म्हणणार सिमेंट तुमचं, काका म्हणणार हात तुझा, आणि पाणी बिचारं कुणाचीही बाजू न घेता गळत राहणार.

म्हणून संशय अगदीच निराधार आहे असं नव्हे. मालासकट दिलेल्या कामात एकास सहाचा माल एकास नऊ कधी होतो, ते गिलावा झाल्यावर ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. वाळू ओलसर असली की फुगते, चांगली पंचवीस-तीस टक्के. म्हणजे ब्रासच्या हिशेबात तुम्ही बरीचशी हवाच विकत घेतलेली असते.

बी. कॉम.ला मर्कंटाइल लॉ आम्ही गाईडावर काढला, पण १८७२च्या करार कायद्यातलं कलम १५१ डोक्यात राहिलं. दुसऱ्याची वस्तू ताब्यात आली, तर सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्यावी, असं ते सांगतं. हे लिहिणाऱ्या साहेबानं घर बांधलेलं नसावं. तुमचं सिमेंट वापरताना मिस्त्री कर्णाचा अवतार असतो. तो भाकरी खायला बसतो आणि कालवलेला माल तिकडे दगड होतो. तेच सिमेंट स्वतःचं असलं, की तो इतकी काळजी घेतो की भिंतीलाही लागू देत नाही!

आमच्या बँकेत तिजोरीला दोन किल्ल्या, दोघांकडे. मॅनेजर एकटा उघडू शकत नाही, कॅशियरही नाही, आणि याचा राग कुणालाच येत नाही. कारण ते कुलूप कुणाचं तोंड बघत नाही. बांधकामावर मात्र मोजणारा एकच आणि मोजला जाणारा एकच. ओळखीच्या एका गृहस्थांना संध्याकाळी रिकामी पोती मोजताना मी पाहिलंय. म्हातारा गवंडी थापी धुता धुता म्हणाला, “मोजा साहेब, मोजायलाच पाहिजेत. पण भिंतीत किती गेलं, ते पोती नाही सांगत. ते मला विचारा.”

साहेबांनी विचारलं नाही. गवंडी हात पुसून निघून गेला. मला राहून राहून वाटतं, की त्या घरात त्या दिवशी पोतंभर सिमेंटाहून महाग काहीतरी वाया गेलं.

माझं मत विचाराल तर आधी माणूस, मग माल. त्यातही जे मोजता येतं, पोती किंवा काट्यावरची सळई, ते मालकानं घ्यावं आणि पावती मिस्त्रीलाही दाखवावी. जे पारखावं लागतं, वीट वाजवून आणि वाळू मुठीत चोळून, ते मिस्त्रीला बरोबर नेऊन त्याच्यावर सोडावं. दुकानदाराकडून तो चार पैसे खाईल? खाऊ दे की. दिवाळीला आमच्या टेबलावर येणारे सुक्या मेव्याचे डबे कुठल्या खात्यात जमा होतात, हे आम्ही तरी कुठे जाहीर करतो?

काकांची सात पोती शेवटी उरली. परत कोण घेणार? सध्या त्यांच्या दारात जे छातीएवढं तुळशीवृंदावन आहे, त्याला येणारेजाणारे मोठ्या भक्तीनं नमस्कार करतात.