विरघळणारा साक्षीदार

डोक्यास जबर मार बसला म्हणजे कवटीच्या आतील दाब वाढू लागतो व तो वरचेवर मोजावा लागतो. त्यासाठी आत बसविलेले मापक काम सरल्यावर काढणे आले. म्हणजे पुन्हा शस्त्र, पुन्हा जंतुसंसर्गाची धास्ती. २०१६ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाचे जॉन रॉजर्स व सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाचे शल्यवैद्य यांनी ‘नेचर’मध्ये यावर एक तोड मांडली. सिलिकॉनचा अतिसूक्ष्म पापुद्रा आणि विरघळणारे बहुवारिक यांचे मापक त्यांनी उंदरांच्या कवटीत बसविले. दाब व तापमान सांगून झाले की ते शरीरातील द्रवातच विरून जाते. सिलिकॉनचे निरुपद्रवी सिलिसिक आम्ल होते. माणसांच्या रुग्णालयांत ते अद्याप नित्याचे झालेले नाही.

काम संपताच मागे खूण न ठेवणारा असा चाकर आम्हांस तरी आदर्श वाटला. बदलीनंतर खुर्चीचा मोह सोडणारे अधिकारीदेखील विरळाच!

परंतु यंत्र विरघळले तरी त्याने सांगितलेले आकडे विरघळत नाहीत. रोग्याची संमती त्या काही आठवड्यांच्या पाहुण्यास होती की कायमच्या नोंदीस? असा रोगी बहुधा शुद्धीवरही नसतो. सही आप्ताची असते. कित्येकदा तर हजार मैलांवर नेमणुकीस असलेला मुलगा दूरध्वनीवरून घाईघाईने होकार देतो. चित्रगुप्ताची वही निदान मरणोत्तर उघडते; ही मात्र विमा उतरविताना वा नोकरीच्या वैद्यकीय तपासणीतही कोणी उघडू पाहील.

पुढील रोग्यांच्या उपचारास ते आकडे लागतील, हा आक्षेप खरा आहे. पण त्यास नावाची गरज काय? खुद्द रोग्यास पुढे दुखणे उलटल्यास ते हवे असतील, तर प्रत त्याच्याजवळ असावी. आम्ही कचेरीत नस्ती बंद करतो तेव्हा ती किती काळ ठेवावयाची हे तेव्हाच नोंदवितो. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानेही हेतू पुरा झाल्यावर माहिती पुसण्याचे तत्त्व मान्य केले आहे. मात्र दुसऱ्या कायद्याने जतन आवश्यक असेल तेथे ते थांबते. शिवाय हेतू पुरा झाला, हे ठरवावयाचे कोणी?

आमच्या मते संमतिपत्रावर दोन मुदती लिहाव्यात: मापकाची व आकड्यांची. पहिली रसायनशास्त्र पाळील. दुसरी आप्ताने लिहिलेली असली, तर शुद्धीवर आलेल्या रोग्यास ती खोडून नवी लिहिता यावी, आणि तेवढी जागा कागदावर कोरी सोडलेली असावी.