अपुऱ्या विश्वासाची साक्ष

आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत एक प्रश्न वारंवार निघतो, आणि तो बहुधा नम्र व प्रामाणिक मनुष्यांच्याच तोंडून निघतो. ते म्हणतात, "आम्ही ख्रिस्ती झालों खरे, पण आमचा विश्वास अजून कच्चा आहे. शास्त्र थोडें कळतें, प्रार्थना करतांना मन भटकतें, राग आला म्हणजे जीभ आंवरत नाहीं. अशा स्थितींत शेजाऱ्यास प्रभूविषयीं सांगावयास जाणें हें ढोंग नव्हे काय? आधीं आमची स्वतःची वाढ होऊं द्या, मग दुसऱ्यास सांगूं."

हा प्रश्न टाकाऊ नाहीं. ज्याला असा संकोच कधींच वाटला नाहीं त्याच्या उपदेशाची आम्हांस अधिक भीति वाटते. तथापि या प्रश्नाचें उत्तर न शोधतां तो तसाच उराशीं बाळगला तर काय होतें हें आमच्या वाचकांनीं पाहिलेंच असेल. "पुढच्या वर्षीं", "आणखी थोडें शिकल्यावर" असें म्हणतां म्हणतां मनुष्याचे केस पांढरे होतात. साक्ष देण्याचें काम सर्वस्वीं उपदेशकाच्या गळ्यांत पडतें. आणि ज्या वाढीसाठीं हा मनुष्य थांबला होता ती वाढही होत नाहीं. यास्तव या विषयाचा थोडा सावकाश विचार करण्याचें आम्ही योजिलें आहे.

प्रथम ढोंग म्हणजे काय तें पाहूं. गरिबाच्या घरीं पाहुणा आला आणि त्यानें भाकरीवर चटणी वाढून त्याच्यापुढें ठेविली, तर त्यास कोणी ढोंगी म्हणत नाहीं. पण त्यानें शेजाऱ्याचीं भांडीं मागून आणिलीं, तीं आपलींच म्हणून मांडलीं, आणि आपल्या घरीं रोज पक्वान्नें होतात असें सांगितलें, तर तें ढोंग होय. म्हणजे दोष थोडें असण्यांत नाहीं. नसलेलें दाखविण्यांत आहे. विश्वासाचेंही असेंच आहे. ज्याच्याजवळ मोहरीएवढा विश्वास आहे त्यानें मोहरीएवढेंच सांगितलें तर तो खरें बोलला. तेव्हां "माझा विश्वास किती मोठा आहे?" हा खरा प्रश्न नव्हे. "मी जें सांगतों तें माझें स्वतःचें आहे काय?" हा खरा प्रश्न होय.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायांत एका जन्मांधाची गोष्ट आहे. ती आमच्या वाचकांनीं पुष्कळदां ऐकिली असेल. पण या प्रश्नाचें उत्तर म्हणून ती पुन्हां एकदां वाचावी अशी आमची विनंति आहे. त्याचे डोळे उघडले तेव्हां त्याला प्रभूविषयीं काय ठाऊक होतें? शेजाऱ्यांनीं विचारलें तेव्हां तो इतकेंच सांगूं शकला कीं, येशू नांवाच्या एका मनुष्यानें चिखल करून डोळ्यांस लाविला व धुवावयास पाठविलें. तो मनुष्य कोठें आहे हेंही त्यास ठाऊक नव्हतें, आणि त्यानें तसें सरळ सांगून टाकिलें. पुढें परूश्यांनीं खोदून विचारलें, तेव्हां तो संदेष्टा आहे असें त्यानें उत्तर दिलें. त्यांनीं पुन्हां बोलावून दरडाविलें, तेव्हां तो देवापासून नसता तर त्याच्या हातून असें कांहींच झालें नसतें, असें तो निर्भयपणें बोलला. शेवटीं त्यास बाहेर घालविलें, तेव्हां प्रभूनें स्वतः त्यास गांठलें, आणि त्यानें विश्वास ठेवून नमन केलें.

एक मनुष्य, मग संदेष्टा, मग देवापासून आलेला, आणि अखेर प्रभु: अशा या चार पायऱ्या आहेत. त्यांतील मधल्या दोन पायऱ्या तो कोणाच्या तरी प्रश्नाला उत्तर देतांना चढला, आणि त्या उत्तरांपायीं बाहेर पडल्यावरच त्याला प्रभु भेटला. तो कोणत्याही शाळेंत बसला नव्हता. थोडें ठाऊक होतें तें तो बोलला, आणि बोलतां बोलतां त्याला अधिक दिसूं लागलें. आतां त्याच्या आईबापांकडे पाहा. आपला मुलगा जन्मापासून आंधळा होता व आतां त्याला दिसतें, एवढें त्यांसही ठाऊक होतें. पण सभास्थानांतून घालविले जाऊं या भीतीनें त्यांनीं तोंड मिटलें आणि मुलालाच विचारा म्हणून सांगितलें. त्यांच्याविषयीं शास्त्र पुढें एक अक्षरही सांगत नाहीं.

सांगण्यानें विश्वास कां वाढतो? आम्हांस याचीं तीन कारणें दिसतात. पहिलें हें कीं, मनांत जें धुरकट असतें तें शब्दांत मांडावयाचें झालें म्हणजे आपल्याजवळ नक्की काय आहे व काय नाहीं हें आपणांसच कळतें. दुसरें हें कीं, ऐकणारा प्रश्न करितो. आपण ज्या गोष्टी न विचार करितां मानून चाललों होतों त्यांचें कारण शेजारी विचारतो, आणि उत्तर शोधण्यासाठीं आपणांस पवित्र शास्त्र उघडावें लागतें. तिसरें कारण सर्वांत कठीण आहे. ज्याच्यापुढें आपण प्रभूचें नांव घेतों त्याचे डोळे त्या दिवसापासून आपल्या वागणुकीवर खिळतात.

हें तिसरें कारण दृष्टांतानें सांगतों. समजा, एका शेतकरी बंधूनें आपल्या शेजाऱ्यास सांगितलें कीं, आमचा प्रभु पाप्यांस क्षमा करितो. शेजारी ऐकून घेतो आणि मग सहज विचारतो, "असें आहे, तर तुमचा आणि तुमच्या धाकट्या भावाचा बांधावरून अबोला चालला आहे तो कसा?" या प्रश्नाला पाठ केलेलें कोणतेंही उत्तर चालत नाहीं. तो प्रश्न त्या बंधूच्या मागोमाग घरीं जातो, त्याच्या ताटाशीं बसतो, त्याच्या अंथरुणाशीं येतो. त्या रात्रीं तो जी प्रार्थना करील ती खरी प्रार्थना असेल. आणि दुसऱ्या दिवशीं तो भावाच्या दारीं गेला, तर त्याच्या विश्वासाची जी वाढ होईल ती दहा उपदेश ऐकून झाली नसती. त्यानें साक्ष दिलीच नसती तर तो प्रश्न त्याला कोणी विचारला असता? मुक्या विश्वासाला कोणी प्रश्न करीत नाहीं. म्हणून त्याची परीक्षाही होत नाहीं व वाढही होत नाहीं.

आमच्या भगिनींस विरजणाची गोष्ट सांगावयास नको. दुधाला विरजण चमचाभरच लागतें. शेजारणीनें मागितलें तर आपण वाटींतलें थोडेंसें देतों, आणि आपलें दहीं कमी पडत नाहीं. पण कधीं आपल्याच घरचें दहीं नासतें, मांजर तोंड घालतें, किंवा घरीं दुखणें येऊन चार दिवस दूधच विरजलें जात नाहीं. अशा वेळीं आपण कोठें जातों? जिला आपण दिलें होतें तिच्याच दारीं जातों. आणि तिच्याकडून जें आणितों तें आपल्याच घरच्या विरजणाचें असतें. विश्वासाचाही असाच व्यवहार आहे. पौल प्रेषितासारखा मनुष्य रोमकरांस लिहितो कीं, मी तुमच्याकडे येईन तेव्हां तुमच्या विश्वासानें मला व माझ्या विश्वासानें तुम्हांस, असा उभयतांस धीर यावा. ज्यानें कोणासच कांहीं दिलें नाहीं त्यानें आपल्या दुष्काळाच्या दिवशीं कोणाचें दार ठोठावावें?

येथें कोणी म्हणेल, "आमचें बोलतांना चुकलें आणि ऐकणाऱ्याची दिशाभूल झाली तर?" ही भीति रास्त आहे. त्यासाठीं एक मर्यादा पाळिली पाहिजे: उसनें बोलूं नये. प्रेषितांच्या कृत्यांत एका यहूदी मुख्य याजकाच्या सात पुत्रांची हकीकत आहे. पौल ज्या येशूची घोषणा करितो त्याचें नांव त्यांनीं मंत्रासारखें उच्चारून पाहिलें. तें नांव खरें होतें, पण त्यांच्या तोंडीं उसनें होतें; आणि त्यांस घायाळ होऊन पळावें लागलें. आमच्या उपदेशक बंधूंनीं ही गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी. पुस्तकांतील वाक्यें पाठ असणें सोपें आहे. परंतु "याचें उत्तर मला ठाऊक नाहीं, मी विचारून सांगेन" असें म्हणण्यास जो लाजत नाहीं, त्याच्या बाकीच्या शब्दांवर गांवकरी विश्वास ठेवितात.

आणि कोणाचें अपुरें पडलें तर मंडळीनें काय करावें तेंही त्याच पुस्तकांत आहे. अपुल्लो मोठ्या आवेशानें बोलत असे, पण त्यास योहानाचा बाप्तिस्मा तेवढाच ठाऊक होता. प्रिस्किल्ला व अक्विला यांनीं त्याचा चारचौघांत पाणउतारा केला नाहीं व त्याचें बोलणेंही बंद केलें नाहीं. त्यांनीं त्याला आपणांकडे नेऊन देवाचा मार्ग अधिक बारकाईनें समजावून दिला. ज्या मंडळींत अशीं घरें आहेत तेथें नवशिक्यास तोंड उघडण्याचें भय वाटत नाहीं.

आमच्या महाराष्ट्रांतीलच एक उदाहरण घेऊं. पंडिता रमाबाई यांचा बाप्तिस्मा इ. स. १८८३ सालीं इंग्लंडांत झाला. पुढें त्यांनीं आपल्या साक्षींत लिहून ठेविलें आहे कीं, बाप्तिस्म्यानंतर सुमारें आठ वर्षांनीं आपणांस कळून आलें कीं ख्रिस्ती धर्म आपणांस मिळाला होता, पण स्वतः ख्रिस्त मिळाला नव्हता. आतां वाचकांनीं वर्षें मोजावीं. विधवांसाठीं शारदा सदन त्यांनीं मुंबईस काढलें तें १८८९ सालीं, म्हणजे ही ओळख पटण्याच्या आधीं. आपली वाढ पुरी होईपर्यंत हातांतील सेवा थांबवावी असें त्यांस वाटलें नाहीं. सदनांत धर्माची सक्ति करावयाची नाहीं असें ठरलें होतें, आणि त्यांनीं सक्ति केली नाहीं. पण त्या स्वतः प्रार्थनेस बसत तेव्हां खोलीचें दार उघडें असे, आणि ज्या मुलींस यावेंसें वाटे त्या येत. यावरून गवगवा झाला. १८९३ सालीं सदनाच्या सल्लागार मंडळींनीं अंग काढून घेतलें व पुष्कळ पालकांनीं आपल्या मुली नेल्या. तरी बाईंनीं दार लाविलें नाहीं. कोणास आंत ओढावयाचें नाहीं, आणि दारही लावावयाचें नाहीं: साक्षीची याहून चांगली व्याख्या आम्हांस ठाऊक नाहीं. आणि त्यांची वाढ पुढेंही चालूच राहिली. १९२२ सालीं देह ठेवीपर्यंत त्या मूळ भाषांवरून पवित्र शास्त्राचें सोप्या मराठींत भाषांतर करण्यांत गढल्या होत्या.

दार उघडें ठेवणाऱ्यास वाट पाहावी लागते. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं तो घेतला १९०० सालीं. मधल्या वर्षांतील दुःख, ताटातूट आणि जातिभेदाशीं त्यांच्या मनानें केलेला झगडा हें सर्व लक्ष्मीबाईंनीं 'स्मृतिचित्रे' या पुस्तकांत स्वतः सांगितलें आहे. एवढ्या विद्वान कवीस आपल्या घरच्या माणसाची पांच वर्षें वाट पाहावी लागली. मग शेजारी एका महिन्यांत ऐकत नाहीं म्हणून आपण कां खचावें? विश्वास वाढतो तो पुष्कळदां अशा वाट पाहण्यांतच वाढतो.

शेवटची एक गोष्ट स्पष्ट सांगणें जरूर आहे. भारताच्या राज्यघटनेच्या २५व्या कलमानें सार्वजनिक सुव्यवस्था, नीति व आरोग्य यांच्या मर्यादेंत प्रत्येकास आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. १९७७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, प्रसाराच्या हक्कांत दुसऱ्याचें धर्मांतर करण्याचा हक्क येत नाहीं. त्यानें कित्येक बंधु चिंतेंत पडतात. त्याच्या कायद्याच्या बाजूची चर्चा येथें नको. पण साक्षीदारापुरतें बोलावयाचें तर, दुसऱ्याचें मन पालटण्याची शक्ति आपल्या हातीं होती केव्हां? तें काम देवाचें व त्या मनुष्याच्या अंतःकरणाचें आहे. शोमरोनी बाईनें गांवांत जाऊन जें सांगितलें तें अर्धें प्रश्नरूपच होतें. आणि गांवकरी पुढें तिला म्हणाले कीं, आतां आम्ही तुझ्या बोलण्यावरून नव्हे, तर स्वतः ऐकून विश्वास ठेवितों. साक्षीची गरजच उरूं नये, यांतच साक्षीचें यश आहे. म्हणून धान्य, नोकरी, मुलांची फी किंवा रोग बरा होण्याचें वचन यांचें आमिष ज्या साक्षीस लागतें ती साक्ष नव्हे, तो सौदा होय. भुकेल्यास भाकर अवश्य द्यावी; पण ती तो भुकेला आहे म्हणून द्यावी, आणि त्यानें आपलें ऐकलें नाहीं तरी दुसऱ्या दिवशींही द्यावी.

तेव्हां, प्रिय बंधुभगिनींनो, वाढ आधीं कीं साक्ष आधीं, असा हिशेब करीत बसूं नका. विहिरीला उपसा असला म्हणजे झरे मोकळे राहतात. उपसा थांबला कीं तेच झरे गाळानें बुजतात. पण झऱ्यावांचून उपसाही चालत नाहीं, म्हणून प्रार्थना, शास्त्रवाचन व प्रभुभोजन यांत हयगय करूं नका. या आठवड्यांत प्रत्येकानें एवढें करावें. प्रभूनें माझ्यासाठीं केलेली कोणती एक गोष्ट मी शपथेवर सांगूं शकेन, तिचा एकांतांत विचार करावा. ती एका मनुष्यास, त्यानें विचारलें असतां किंवा योग्य वेळ पाहून, साध्या शब्दांत सांगावी, आणि तिच्यांत पदरचें कांहीं घालूं नये. मग तो जें विचारील तें मुकाट्यानें ऐकून घ्यावें व घरीं घेऊन यावें. तो प्रश्न कदाचित् तुमच्या भावाविषयीं असेल, कदाचित् तुमच्या जिभेविषयीं असेल. त्याला राग मानूं नका. जन्मांधास पुढची पायरी लोकांच्या प्रश्नांनींच दाखविली. तुम्हांसही ती तुमच्या शेजाऱ्याच्या तोंडून दिसेल.