शेजाऱ्याचे मांजर

शेजारधर्म हा शब्द आपल्या भाषेत जुना आहे. परंतु त्या धर्मात शेजाऱ्याच्या मांजराचा समावेश होतो किंवा कसे, याचा विचार कोणी केलेला आमच्या पाहण्यात नाही. विषय क्षुल्लक वाटेल. तथापि ज्या घरी तापवून ठेवलेल्या दुधावरची साय नाहीशी होते, नुकताच रुजलेला मेथीचा वाफा उकरलेला दिसतो, किंवा जास्वंदीतील बुलबुलाचे घरटे एका रात्रीत रिकामे होते, त्या घरची माणसे त्याला क्षुल्लक म्हणणार नाहीत. अनेक वर्षांचा घरोबा अशा कारणाने तुटतो, आणि एरवी मुंगीवर पाय पडू नये म्हणून जपणारा गृहस्थ हातात धोंडा घेतो. शांत मनुष्याला इतक्या लवकर निर्दय करणारी गोष्ट विचारास योग्य नाही असे कोण म्हणेल?

प्रथम कायद्याकडे वळू. दुसऱ्याच्या शेतात शिरणाऱ्या गुरांसाठी आपल्याकडे १८७१ साली कायदा झाला. त्यात गाईबैलांबरोबर हत्ती, उंट, घोडे, गाढवे, डुकरे व शेळ्यामेंढ्या यांचीही गणना करून त्यांना कोंडवाड्यात घालण्याची सोय केली होती. मांजराचे नाव मात्र त्या यादीत नव्हते. इंग्लंडात १९२६ साली बकल विरुद्ध होम्स हा दावा अपील कोर्टापुढे आला. एकाच्या मांजराने शेजाऱ्याची कबुतरे व कोंबड्या मारल्या होत्या. तरी मालक नुकसानीस जबाबदार नाही असाच निकाल लागला. भटकणे व पाखरे धरणे हा मांजराचा जातिस्वभावच होय, अशी त्यामागील विचारसरणी होती. परंतु कायद्याने हात झटकले म्हणजे प्रश्न सुटला असे नव्हे. तो केवळ न्यायाधीशाकडून आपल्याकडे आला.

भिंत म्हणजे दोन माणसांनी परस्परांशी केलेला करार होय. शेजारी ती ओलांडीत नाही, कारण आपलीही भिंत कोणी ओलांडू नये अशी त्याची इच्छा असते. मांजर या करारात सामील नाही. त्याच्या लेखी भिंत ही हद्द नसून वाट आहे, किंबहुना उन्हात पडून राहण्याची उत्तम जागा आहे. ज्याला अपराध कळू शकत नाही त्याला शिक्षा देता येत नाही. त्याला फक्त अडविता येते. निवारण आणि शासन यांतील हा भेद आमच्या मते या प्रश्नाचा गाभा आहे. पातेल्यावर घट्ट झाकण घालणे, वाफ्यात तुरकाट्या दाट रोवणे, मोरीच्या तोंडाला जाळी बसविणे, पाणी शिंपडून हाकलणे, हे सर्व निवारण होय. त्यात मांजराची गैरसोय होते, इजा होत नाही.

याउलट दुधात विष कालविणे, धोंड्याने पाय मोडणे, पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून येणे, हे शासन होय. आणि तेही निरपराध जिवाला. १९६० च्या कायद्याने जनावरास मारहाण करणे, त्यास अपायकारक द्रव्य देणे आणि उपासमार होईल अशा स्थितीत टाकून देणे हे गुन्हे ठरविले आहेत. कधी कधी ही इजा अजाणताही घडते. वाफ्याभोवती डांबराच्या गोळ्या टाकणाऱ्यास किंवा अंगणात फिनेल ओतणाऱ्यास तो केवळ वासाचा उपाय वाटतो. परंतु मांजर आपले पाय चाटून स्वच्छ करते, ते द्रव्य त्याच्या पोटात जाते आणि विषासारखे बाधते. मांजर मारले तर काशीस सोन्याचे मांजर वाहावे लागते, असे जुन्या बायका सांगत. सोन्याचा भाव पाहता ते भय आजही पुरेसे ठरावे.

शिवाय धोंडा मारणाऱ्याचा राग खरोखर मांजरावर असतो काय? बहुधा तो शेजाऱ्यावर असतो. शेजाऱ्याशी स्पष्ट बोलण्याचे धैर्य होत नाही, म्हणून ज्याला उलट बोलता येत नाही त्याच्यावर तो काढला जातो. यालाच आम्ही भ्याडपणा म्हणतो.

आता मालकाचे कर्तव्य. “मांजर आमचे नव्हे हो, येते म्हणून घोटभर दूध घालतो इतकेच,” असे उत्तर अनेकदा ऐकू येते. परंतु उंदरांचा बंदोबस्त आणि मुलांची करमणूक ज्याच्या पदरी पडते, त्याने उपद्रवाचा भारही उचलला पाहिजे. मांजराला रात्री घरात ठेवावे, पिलांची पैदास थांबविण्याची शस्त्रक्रिया करून घ्यावी, आणि गळ्यात घंटा बांधावी. घंटा कोणी बांधावी हा उंदरांच्या सभेला न सुटलेला प्रश्न मालकाला सहज सुटण्यासारखा आहे. घंटेमुळे पाखरांची शिकार कमी होते असे इंग्लंडातील प्रयोगांत दिसूनही आले आहे.

यावर कोणी म्हणेल की, वाघाने हरीण मारले तर आपण मध्ये पडत नाही, मग बुलबुलासाठीच का पडावे? रानातील हरणे सरली तर वाघही उपाशी मरतो. शेजाऱ्याच्या मांजराला दूधभात मिळतच असतो. पाखरे सरली म्हणून ते मरत नाही, आणि पोट भरले म्हणून शिकारही सोडत नाही. म्हणजे या झुंजीत मनुष्याने एका पारड्यात आपले वजन आधीच टाकलेले आहे. दुसऱ्या पारड्याकडे पाहणे हे त्याच्यावरचे ऋणच ठरते.

मग आपल्या दुधावर आपणच झाकण का घालावे, हा प्रश्न उरतो. झाकण घालण्याने आपला हक्क बुडत नाही. तो शेजाऱ्याजवळ मागावयाचा हक्क आहे, मांजराजवळ नव्हे. म्हणून प्रथम शेजाऱ्याकडे जाऊन सौम्यपणे सांगावे. त्याने ऐकले तर उत्तमच. न ऐकले तर जाळी बसवावी, जमल्यास तिचा अर्धा खर्च त्याच्याकडे मागावा, आणि तो देत नसल्यास स्वतः सोसावा. तेवढ्या पैशांत एक जीव आणि एक शेजार दोन्ही राखता येत असतील, तर हा व्यवहार तोट्याचा आहे असे आम्हांस वाटत नाही.