बेणे आणि उरलेले

शास्त्रात बीजांकुरन्याय प्रसिद्ध आहे. बीजापासून अंकुर, अंकुरापासून पुन्हा बीज. आधी कोण, हा वाद पंडितांना पुरून उरला आहे. बटाटा मात्र या न्यायात नीट बसत नाही. ज्याला आपण बटाट्याचे बेणे म्हणतो ते बीज नव्हेच, जमिनीत फुगलेले खोड आहे. त्याच्या डोळ्यातून कोंब फुटतो तेव्हा गेल्या सालचेच झाड पुढे चालू राहते. म्हणून त्याचा गुण जसाच्या तसा येतो, आणि पुष्कळदा रोगही येतो.

मावा एका झाडाचा रस शोषून दुसऱ्यावर बसतो आणि विषाणू पोचवतो. पाने वळतात, झाड खुरटते, खाली बटाटे बारीक धरतात. आता काढणीच्या दिवशी काय होते पाहा. मोठा माल बाजारात, मधला घरच्या चुलीवर, आणि गोटीएवढे उरतात ते कोपऱ्यात, ‘बेण्याला होतील’ म्हणून! त्या ढिगात रोगट झाडांचा वाटा आपोआप वाढतो. चार हंगामांत पीक उतरते, मग बोल जमिनीला.

यात दोष कुणाचा? लोभाचा, असे म्हणून आम्ही कीर्तनकार मोकळे होतो. पण दारात देणे मागायला माणूस उभा असताना मोठा बटाटा विकणे याला लोभ कसे म्हणावे? ‘उत्तम ते राखून ठेव’ हा उपदेश भरल्या पोटी सोपा जातो. आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावर आषाढाच्या सुमारास बटाटा लावतात. बेणे बहुतेक पंजाबातून येते, आणि खर्चाचा मोठा वाटा तेच खाते. २००१ च्या कायद्याने घरचे बेणे राखण्याचा, लावण्याचा, देण्याघेण्याचा हक्क शेतकऱ्याला दिला. उचित झाले. पण विषाणू काही कायदा वाचत नाही.

खरी गोष्ट अशी, की मोठा बटाटा राखायची गरजच नाही. निरोगी झाडाचा लहान बटाटाही बेण्याला चालतो. पाहायचे ते झाड, आणि ते पीक हिरवे असतानाच. काढल्यावर ढिगात कुळी कोण ओळखणार? रोगट झाड बटाट्यांसकट उपटावे, सशक्त झाडाशी काठी रोवावी, मावा वाढण्याआधी तिथला पाला कापावा, साल टणक झाली की तेवढेच वेगळे काढावे. याला पैसा लागत नाही, वेळेवर वावरात फिरावे लागते. तरी काही रोग पानांवर दिसतच नाहीत. म्हणून काही हंगामांनी खात्रीचे बेणे आणावेच लागते. चार घरांनी मिळून दोन पोती आणली तरी ती वेगळ्या तुकड्यात वाढवून पुढच्या साली वाटून घेता येतात.