बाजारातला टाक

मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात समया आणि अडकित्त्यांच्या ढिगातून एखादा टाक, म्हणजे कुलदैवताची किंवा पूर्वजाची उठावाची प्रतिमा असलेला देवघरातला चांदीचा लहान पत्रा, ग्राहकाच्या हाती येतो, तेव्हा आपण वस्तू घेत आहोत की देव, हा प्रश्न त्याला टाळता येत नाही. कर्मकांडाच्या मते प्राणप्रतिष्ठा, म्हणजे मंत्रांनी केलेले देवत्वाचे आवाहन, झाल्यावरच प्रतिमा पूज्य ठरते आणि पूजा दीर्घकाळ खंडली तर प्राणप्रतिष्ठा पुन्हा करावी लागते. हे उत्तर शास्त्रशुद्ध असले तरी अपुरे आहे, कारण रोजच्या स्नानाने झिजलेले नाक आणि खाचांत बसलेली हळद ही एका घराण्याच्या भक्तीची साक्ष असते व ती मंत्राअभावी नाहीशी होत नाही. देव आणि घराण्याचे हे नाते विस्थापितांना नेमके कळते: कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यात, जिथे काळी नदीवरील सुपा धरणाच्या जलाशयात जुने सुपा गाव बुडाले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले, तिथे घराबरोबर देव हलवणे म्हणजे काय, हे निराळे सांगावे लागत नाही. म्हणून असा टाक घेणाऱ्याने तो शोभेसाठी भिंतीवर न टांगता देवघरात ठेवावा. तेवढी श्रद्धा नसेल, तर तो कोणत्या घराण्याचा याची विक्रेत्याकडे विचारपूस तरी अवश्य करावी.