पुतळी आणि तिची कडी

जुन्या परदेशी नाण्याचा मोह हा सोन्याचा मोह नव्हे, असे संग्राहक म्हणतो, आणि ते बहुतांशी खरे असते. मग तो कशाचा मोह असतो?

पुतळीचे उदाहरण घेऊ. व्हेनिसमध्ये १२८४ पासून पाडला जाऊ लागलेला, सुमारे साडेतीन ग्रॅम वजनाचा आणि जवळजवळ शुद्ध सोन्याचा डुकाट व्यापाराबरोबर आपल्याकडे आला. संत मार्कसमोर गुडघे टेकलेला तिथला राज्यप्रमुख इथे केवळ ‘पुतळी’ झाला. सराफांनी नकला घडवल्या, तेव्हा लॅटिन अक्षरांची निव्वळ नक्षी झाली. १७९७ मध्ये ते प्रजासत्ताक संपले. पुतळ्यांची माळ मात्र मराठी गळ्यात राहिली.

माळेसाठी डाखलेली कडी संग्राहकाच्या लेखी दोष ठरते. तो निष्कलंक नाणे मागतो, म्हणजे माणसाचा हात न लागलेले नाणे मागतो. परंतु हातोहात जाणे हाच तर नाण्याचा धर्म. सौंदर्याचा हा मोह वस्तूला तिच्या संबंधांतून सोडवून एकट्यानेच भोगू पाहतो.

यावर आक्षेप संभवतो. लोणी काळभोरसारख्या गावातले एखादे घर अडचणीत माळ मोडते, तेव्हा संग्राहक नसेल तर पुतळी मुशीतच जाईल. हे मान्य केलेच पाहिजे. वाचवण्याचे श्रेय त्याचेच. मात्र कडी घासून काढणारा केवळ रूप वाचवतो. कडीसकट, ती कोणत्या माळेतून आली या नोंदीसकट जो पुतळी ठेवतो, त्याच्याच संग्रहाला जतन म्हणता येईल. उरलेल्यांच्या हाती सोने सुरक्षित राहते, अर्थ वितळतो.